लाल फुलीचं घर

(डॉमिनिका बेटावरचं बेलरोश नावाचं खेडं. डोंगराच्या उतारावर युडोराचं स्वयंपाकघर. खाली नदीला पूर येऊन गेला, त्याला आठवडा होत आलाय. युडोराचा धाकटा भाऊ थॅडियस, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला भूगोलाचा मास्तर, तेव्हापासून इथेच आहे.)

युडोरा: ठेव ती बशी खाली. तिसऱ्यांदा पुसतोयस. नक्षी निघून जाईल तिची.

थॅडियस: ओली वाटली.

युडोरा: ओलं तुझं घर आहे, थॅडी. बशी नाही.

थॅडियस: ताई, आज नको.

युडोरा: कालही आजच नको होतं. चिखल काही तुझ्यासाठी ओला राहणार नाही. फिलबर्ट म्हणत होता, या शनिवारी उकरला तर उकरला. त्यानंतर फावडं टेकवलंस तर ठणकन वाजेल.

थॅडियस: वाजू दे.

युडोरा: म्हणे वाजू दे. खाली काय चाललंय ते ठाऊक आहे का तुला? रस्ता साफ झाला. प्रार्थनाघर साफ झालं. तितीन आजीचं अंगण, तिच्या कोंबड्यांचं खुराडं, सगळं झालं. तुझ्या पायरीपर्यंत उकरत आले लोक आणि तिथे थांबले. सुरीने वडी पाडावी तशी सरळ कड दिसते चिखलाची.

थॅडियस: थांबले ते बरं झालं.

युडोरा: थांबतील नाही तर काय करतील? मागितल्याशिवाय कोण कुणाच्या उंबऱ्यात फावडं घालतं? आपल्या बापाच्या वेळेपासून हे असंच आहे. कूदमें हवं असेल, गावाचे हात मदतीला हवे असतील, तर घरच्या माणसाने दारोदार फिरायचं आणि स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, शनिवारी माझ्याकडे हात लावायला या. मजुरी द्यायची नाही. पोटभर जेवण आणि घोटभर रम. नीरफणस मी भाजते, खारा मासा मी भिजत घालते, पण मागणं तुझं तुलाच मागायला हवं. घर तुझं आहे.

थॅडियस: मी जाणार नाही.

युडोरा: गुडघा अजून दुखतोय का?

थॅडियस: हो ना.

युडोरा: कालपर्यंत डावा दुखत होता. आज उजवा धरून बसलायस.

थॅडियस: ताई, लोक हसतील गं.

युडोरा: हसून झालं रे त्यांचं. पहिल्याच दिवशी पोटभर हसले. दुकानाच्या ओट्यावर फिलबर्टने तुझी नक्कल करून दाखवली. चष्मा कपाळावर ढकलून, मान वाकडी करून. मीपण हसले, कशाला लपवू. छान करतो तो.

थॅडियस: काय म्हणाला?

युडोरा: जाऊ दे.

थॅडियस: नाही, सांग. काय म्हणाला?

युडोरा: काय म्हणणार? अर्ध्या गावाला शिकवलंयस तू. फळ्यावर नदी काढायचास, तिला वळण काढायचास, वळणाच्या आत सपाट जमीन, तिच्यावर एक छोटंसं घर. खिडक्या, धुराडं, दारात टोपी घातलेली बाई. पोरं खूश. मग लाल खडू घ्यायचास आणि त्या घरावर ही एवढी मोठी फुली. आणि विचारायचास, का? की सगळा वर्ग एका सुरात...

थॅडियस: पुरे.

युडोरा: "पूरमैदान, मास्तर." फिलबर्ट म्हणाला, मास्तरांनी जन्मभर त्या घरावर फुली मारली आणि स्वतः सामान घेऊन तिथेच राहायला गेले.

थॅडियस: खोटं काय आहे त्यात?

युडोरा: खोटं कोण म्हणतंय? पण या गावात मूर्खपणा काय तू एकट्याने केलायस? तुझ्या मेव्हण्याने ही माडी बांधली आणि जिन्याला जागा ठेवायलाच विसरला. अजून बाहेरून शिडी लावून झोपायला जाते मी. लोक महिनाभर हसले. नंतर विसरले. माडी आहे, मी आहे.

थॅडियस: त्याने जिने शिकवले नव्हते, ताई.

युडोरा: हं.

थॅडियस: मी जन्मभर एकच गोष्ट शिकवली.

युडोरा: मग आता एक गोष्ट ऐकून घे. तुझ्या दारावर कुणीतरी फुली मारून ठेवलीये. लाल. मी काल चिंधी घेऊन गेले होते, निघत नाही. तेलाचा रंग आहे. कार्ट्यांचं काम, दुसरं कुणाचं.

थॅडियस: असू दे.

युडोरा: असू दे, वाजू दे. तुझं सगळं देण्यातच चाललंय. कुणीतरी वर येतंय बघ. नेरिसाच ती. बूट चिखलात रुतवत येतेय बिचारी.

थॅडियस: नेरिसा? ताई, मी मागच्या बाजूला जातो. तिला सांग, झोपलाय.

युडोरा: मागे कोंबड्या आहेत आणि त्यांच्या मागे दरी आहे. बस खाली.

थॅडियस: तिला तोंड दाखवू शकत नाही मी.

युडोरा: त्या रात्री तुझं दार बडवून तुला बाहेर कुणी काढलं? तिनेच ना? कडेवर पोर, एका हाताने तुला ओढत इथवर आणलं. तिचं घर गेलं, शेजारचं तुझं राहिलं. आणि आठवडाभरात एकदा जाऊन कशी आहेस म्हणून विचारलं नाहीस.

थॅडियस: म्हणूनच तर.

नेरिसा: युडोरामावशी, आहात का घरात?

युडोरा: ये गं. बूट राहू देत, आता चिखल कुणाच्या घरात नाही? कोको घेशील ना?

नेरिसा: अर्धा कप. शाळेत जायचंय. मास्तर, बरे आहात?

थॅडियस: हो. मी... मिका कशी आहे?

नेरिसा: मजेत आहे. चर्चच्या सभागृहात एवढी पोरं एकत्र झोपतात, तिला वाटतंय जत्रा भरलीये. काल विचारत होती, आई, आपल्याला घर नाही हे अजून किती दिवस चालणार? तिला संपायला नको आहे.

युडोरा: पोरंच ती. बस, त्या स्टुलावर नको, तो डुगडुगतो. इकडे बस.

नेरिसा: मास्तर, मी कामाने आलेय. उद्या परीक्षेच्या वर्गाची क्षेत्रभेट आहे, नदीवर. तुम्ही न्यायचात तशीच. पण यंदा वरच्या पुलावर जाऊन पाण्यात संत्री सोडायची, ती किती वेळात खाली येतात ते मोजायचं, याला काही अर्थ नाही. नदी आपणहून घरात येऊन गेलीये. मुलांनी गाळ मोजावा असं माझ्या मनात आहे. भिंतीवर पाणी कुठवर चढलं, आत चिखल किती, खाली जाड वाळू बसलीये आणि वर बारीक माती, ते थर उभे कापून बघावेत. आणि ते बघायला त्या सपाटीवर एकच घर उभं आहे.

थॅडियस: माझं.

नेरिसा: तुमचं. म्हणून परवानगी मागायला आले.

थॅडियस: घेऊन जा ना. कुलूप नाहीच. दार ढकललं की... म्हणजे ढकललं जाणार नाही. खिडकीतून जावं लागेल.

नेरिसा: आणि तुम्ही यावं.

थॅडियस: मी कशाला? तू आहेस की. माझ्यापेक्षा चांगली शिकवतेस. मी तुझ्या वर्गावरून जाताना थांबून ऐकायचो.

नेरिसा: ठाऊक आहे. चष्मा दिसायचा खिडकीत. पण मास्तर, मुलं प्रश्न विचारतात.

थॅडियस: विचारू देत. उत्तरं पुस्तकातच आहेत. माणसं पूरमैदानात का राहतात? सपाट जागा, सुपीक माती, पाणी जवळ, जमीन स्वस्त. आपल्या बेटावर तर सपाट जमीन म्हटली की ती नदीनेच आणून टाकलेली. बाकी सगळा चढ.

नेरिसा: तेच सांगितलं मी सोमवारी. एका दमात. चारही कारणं. मग केर्विन उभा राहिला. आगाऊ नाही हो, चांगला मुलगा आहे. म्हणाला, मिस, हे तर तुम्हाला माहीत होतं. मग तुम्ही तिथे का राहत होतात?

युडोरा: अगं बाई.

थॅडियस: तू काय सांगितलंस?

नेरिसा: काही नाही. घंटा व्हायला वेळ होता, मास्तर. बराच वेळ होता. मी फळा पुसला. त्याच्यावर काही लिहिलेलं नव्हतं, तरी पुसला.

युडोरा: तू तिथे फळा पुसतेस, हा इथे बशा पुसतो.

थॅडियस: माझं नाव सांगायचंस.

नेरिसा: काय म्हणून सांगू? मास्तर राहत होते म्हणून मी गेले? त्यातल्या निम्म्या मुलांच्या आईबापांना तुम्ही शिकवलंय.

थॅडियस: पण खरं तेच आहे ना.

नेरिसा: तुम्हाला आठवतं ते? मला वाटलं, विसरला असाल.

थॅडियस: नाही विसरलो.

युडोरा: काय ते मला कळेल असं बोला. माझ्याच घरात बसलाय तुम्ही.

नेरिसा: मावशी, मी घर बांधायच्या आधी यांना विचारायला गेले होते. सिमेंट घेतलं नव्हतं, ग्वादलूपला कामावर असलेल्या नवऱ्याला कळवलंही नव्हतं की कुठे बांधायचं. नकाशा घेऊन गेले. यांच्या केळीच्या बागेमागे नदीचं जुनं पात्र आहे ना, कोरडा ओहोळ, त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, मास्तर, हे परत जागं झालं तर? हे केळींना पाणी घालत होते. वर बघितलं नाही यांनी. म्हणाले...

थॅडियस: "मी राहतोच आहे ना."

नेरिसा: हो.

युडोरा: थॅडी.

थॅडियस: तेवढंच म्हणालो. पुढे काही बोललो असेन असं वाटून मी पुष्कळ आठवून पाहिलं. नाही बोललो.

नेरिसा: आणि मला बरं वाटलं हो, मावशी. खोटं कशाला बोलू? मला तेच ऐकायचं होतं. नकाशाची घडी घातली, पिशवीत टाकला आणि घरी आले. वर आजोबांच्या वाट्याची जमीन होतीच. पण तिथे रस्ता नाही, पाणी नाही, सिमेंटची गोण डोक्यावरून न्यायची. खाली कसं, टेम्पो दारात. शिवाय शेजार मास्तरांचा. कुठे राहतेस म्हणून कुणी विचारलं तर मी आधी ते सांगायची. मास्तरांच्या शेजारी.

थॅडियस: ताई, तिने बोट ठेवलं होतं तिथूनच आलं पाणी. पुढून नाही आलं. पुढे मी जाळीत दगड भरून बांध घातला होता, तो अजून जागच्या जागी आहे, एक दगड हललेला नाही. मागून आलं. ते जुनं पात्र मीच माती टाकून बुजवलं होतं. दर वर्षी मुलांना ते नकाशावर निळ्या तुटक रेषेने काढायला लावायचो आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच्यावर केळी लावायचो.

युडोरा: मग बाबा, तू तरी का गेलास तिथे? इतक्या वर्षांत मी विचारलं नाही. म्हटलं, याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

थॅडियस: सकाळी पाण्याचा आवाज यायचा. म्हणजे... यायचा, पण ते कारण नाही. मला वाटायचं, हे नियम ज्यांना नदी कळत नाही त्यांच्यासाठी असतात. मला कळते. जन्मभर तिच्यात पोरं उभी करून मापं घेतली. मला असं वाटायचं की ती मला ओळखते.

युडोरा: नदी?

थॅडियस: एखाद्या पोराने पेपरात हे लिहिलं असतं तर शून्य दिलं असतं मी. हस, ताई. यावर हसायला हरकत नाही.

युडोरा: नाही येत हसू.

नेरिसा: मास्तर, तुमच्या दारावर ती फुली आहे ना...

थॅडियस: आत्ताच कळलं. असू दे गं. पोरं असतात.

नेरिसा: पोरं नव्हती. मी काढली.

युडोरा: तू?

नेरिसा: पाणी ओसरलं त्या सकाळी. मी घर बघायला गेले होते. फरशी राहिलीये आमची, बाकी काही नाही. पायपुसणं नाही, चमचा नाही. आणि शेजारी यांचं घर उभं. छप्पर आहे, दार आहे. दाराची कडीसुद्धा आहे. मला वाटलं... वाटलं, यांचं जायला हवं होतं. यांचं गेलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं. चिखलात रंगाचा डबा सापडला, आमच्याच फाटकाचा उरलेला रंग. काठी बुडवून काढली. सावकाश काढली, मास्तर. रागाच्या भरात हात फिरला असं नाही. नीट, दोन्ही रेषा सरळ. शिक्षिका आहे मी.

युडोरा: आणि मी फिलबर्टच्या धाकट्याचा कान पिरगाळला.

नेरिसा: कळलं मला. त्याची माफी मागायला गेले. तो म्हणाला, कशाबद्दल, मिस? खिशात पेपरमिंट होतं ते दिलं आणि आले.

थॅडियस: बरोबर घरावर काढलीस. पूर्ण गुण.

नेरिसा: असं करू नका. चेष्टेवर नेऊ नका. तुम्ही गुण दिलेत की झालं, असं नाहीये ते.

थॅडियस: चुकलो.

नेरिसा: खाली लोक म्हणतात, मास्तरांना लाज वाटतेय म्हणून ते वर बसलेत. बिचारे मास्तर. आणि मी? तुम्हाला तरी ताईंचं घर आहे लपायला. मी रोज सकाळी त्या वर्गात उभी राहते. नदी शिकवायचीये, पुढच्या आठवड्यात दरडी आहेत, मग वादळं आहेत. प्रत्येक धड्याला ती मुलं माझ्याकडे तशी बघणार. तुम्ही सगळी लाज उचलून इकडे घेऊन आलात असं तुम्हाला वाटत असेल. नाही आणलीत. माझ्या वाट्याची तिथेच आहे. आणि तिच्यापाशी मी एकटी आहे.

थॅडियस: हे माझ्या ध्यानात आलं नाही.

नेरिसा: नाही आलं.

थॅडियस: मला वाटलं, मी समोर आलो नाही तर तुला बरं पडेल. माझं तोंड बघायला नको.

नेरिसा: पहिले दोन दिवस नकोच होतं.

युडोरा: कोको गार होतोय. पी आधी. थॅडी, तूपण पी.

थॅडियस: तिथे येऊन मी मुलांना काय सांगू?

नेरिसा: ते मला माहीत नाही. केर्विन तुम्हालाही तेच विचारणार. घाबरत नाही तो.

थॅडियस: आणि पुसायला फळाही नसेल.

नेरिसा: नसेल.

थॅडियस: पुस्तकात चार कारणं आहेत. मी शिकवायचो तेव्हाही चारच होती. पाचवं कुणी लिहिलेलं नाही.

नेरिसा: कोणतं पाचवं?

थॅडियस: की आपल्या आधी तिथे कुणीतरी राहत असतं. आपला विश्वास असतो अशा माणसाला आपण जाऊन विचारतो. आणि तो वर बघत नाही.

युडोरा: हेच सांग ना त्यांना.

थॅडियस: परीक्षेत याला गुण नाहीत.

नेरिसा: क्षेत्रभेटीचे गुण मी देते, मास्तर. परीक्षेवाले नाही देत.

थॅडियस: माझं नाव घेऊन लिहू देत. "गावातील एक रहिवासी" वगैरे नको. तसं लिहायला मीच शिकवायचो, पण नको.

नेरिसा: नाव त्यांना पाठ आहे.

थॅडियस: सकाळी येणार का?

नेरिसा: ऊन चढायच्या आत. मोजपट्ट्या आणि बाटल्या घेऊन. खिडकीतून आत जायचं म्हटल्यावर तर पळतच येतील.

युडोरा: मोजून झालं, बाटल्या भरून झाल्या, पोरं गेली. आणि चिखल तिथेच. मागितल्याशिवाय तो काही उठून नदीत जाणार नाही.

थॅडियस: ताई, आधी हिचं व्हायला हवं. माझं घर उभं आहे. हिची नुसती फरशी राहिलीये, आणि मी कुठल्या तोंडाने दारोदार जाऊन माझ्यासाठी मागू?

नेरिसा: माझं मी मागून आलेय. परवाच फिरले. आजोबांच्या जमिनीवर, वर. खांब तोडायला पुढच्या महिन्यात येतो म्हणालेत सगळे. रस्ता नाही, तर गोणी हातोहात वर नेऊ म्हणाले. एका घरी तेवढं गेले नाही.

थॅडियस: इथे.

नेरिसा: वाटेपर्यंत आले होते. पाय वर चढले नाहीत.

थॅडियस: मागितलं असतंस तर आलो असतो मी. गोण उचलली नसती माझ्याने, पण आलो असतो.

नेरिसा: ठाऊक आहे. मग तुमच्यावर राग धरता आला नसता. म्हणून तर चढले नाहीत.

युडोरा: आता काय करायचं ते दोघं मिळून ठरवा. मला शनिवारसाठी अळकुड्या उकडायच्या असतील तर आज सांगा. पाटी भरून आणाव्या लागतील.

थॅडियस: नेरिसा.

नेरिसा: काय, मास्तर?

थॅडियस: शनिवारी... माझ्याकडे हात लावायला येशील का?

नेरिसा: इथे नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून मागितलेलं धरत नाहीत. माझ्या दारात येऊन मागा.

थॅडियस: दार कुठे राहिलंय तुझं?

नेरिसा: नाही राहिलं. कुठे होतं ते दाखवते. चला.